शाळा बंद व्हायच्या आधी एवढं बघून घ्या

सकाळची शाळा सुरू झाली की आमच्या दुकानावरची गर्दी बदलते. एरवी पोरं मधल्या सुट्टीत पेन, पट्टी, चार्ट पेपर घ्यायला पळत येतात, पण उन्हाळा लागला की शाळा सातला भरते आणि साडेअकरा-पावणेबाराला सुटते, मग बारानंतर अमळनेरच्या रस्त्यावर कोणी दिसत नाही. पोरं येतात ती सकाळी पावणेसातला, डोळ्यात झोप तशीच, काकू प्रोजेक्ट पेपर द्या, काकू कव्हर द्या, आजच सबमिट करायचंय. आणि मागे गाडीवर बसलेली आई नाहीतर पप्पा काहीतरी आठवण करून देतच असतात, बाटली घेतली का, टोपी कुठंय, भूगोलाची वही ठेवली का, सरांना ते विचारशील ना आज. आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान शाळेजवळच आहे त्यामुळे हे सगळं रोज कानावर पडतं, आणि घरी गेल्यावर मीही तेच करते कारण माझा मुलगा सातवीत आहे आणि मुलगी आठवीत.

दहावीच्या पोरांसाठी आपल्याकडे सगळं घर थांबतं. टीव्ही बंद, लग्नाला जाणं बंद, पाहुण्यांना पण सांगतात की यंदा दहावी आहे म्हणून. पहिली-दुसरीच्या लहान्यांचं कौतुक असतं. मधली सहावी, सातवी, आठवीची पोरं मात्र कुणाच्या हिशोबातच नसतात. त्यांची उंची वाढत असते, आवाज फुटत असतो, तोंडावर पिंपल्स येत असतात, मित्र बदलत असतात आणि घरात त्यांच्याशी जे बोलणं होतं ते बहुतेक सगळं आठवण करून देण्यापुरतंच होतं. हे घे, ते ठेव, लवकर कर. मला मनापासून वाटतं की वर्ष संपताना ह्या तीन इयत्तांच्या पोरांकडे नीट बघायला पाहिजे, आणि ते शाळा चालू आहे तोवरच, कारण एकदा निकाल लागला की सर गावाला जातात, मॅडम गावाला जातात, शाळेच्या ऑफिसात क्लार्क भेटला तर भेटला, आणि आपल्या घरी लग्नसराई, वाळवणं, पाहुणे. मग जून उजाडेपर्यंत काहीच हलत नाही आणि जूनमधे सगळे एकदम धावतात.

पूर्वी एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परीक्षा आटपायच्या आणि उरलेले दिवस पोरं नावाला शाळेत जायची. 2025 ला पहिली ते नववीसाठी राज्यभर एकच वेळापत्रक आलं, 8 ते 25 एप्रिल, आणि निकाल 1 मे ला. त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 30 एप्रिलला होती. म्हणजे पेपर तपासायला शिक्षकांच्या हातात मोजून पाच दिवस, त्यातच सण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन करून निकाल वाटायचा. शिक्षकांची किती धावपळ झाली असेल ते दुकानावर निकालपत्रकांच्या झेरॉक्स काढताना मी बघितलंय, रात्री नऊपर्यंत एकेक मॅडम उभ्या होत्या. अशा घाईत आपल्या पोराचं नेमकं काय चाललंय हे सांगायला त्यांना निवांत वेळ मिळत नाही, म्हणून आपणच परीक्षेच्या आधी एकदा जाऊन भेटलं पाहिजे असं मी प्रत्येक आईला सांगते. दहा मिनिटं पुरतात. मार्क विचारू नका, मार्क निकालात कळतीलच. विचारायचं ते हे की वर्गात बोलतो का, कुणासोबत बसतो, कुठल्या विषयाला गप्प होतो.

आता आठवीबद्दल जरा जास्त लिहिते कारण आठवी संपणं ही साधी गोष्ट नाही आणि आपल्या लोकांना ते जूनमधेच कळतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी म्हणजे पहिली ते आठवी. सरकारी आणि अनुदानित शाळेत बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात ती पण आठवीपर्यंतच. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच. नववीला गेलं की पुस्तकं विकत, वह्या विकत, दुपारचा डबा घरून, क्लास लावला तर त्याची फी वेगळी. आणि जून हा आपल्याकडे पैशाचा महिना नाही. कापसाची लागवड त्याच वेळेस, बियाणाच्या पिशव्या, खत, मजुरी सगळं तेव्हाच लागतं आणि हातात मागच्या मालाचे पैसे उरलेले नसतात. दुकानावर जूनमधे उधारी मागणारे शेतकरी बाप बघते ना तेव्हा फार वाटतं की ह्यांना एप्रिलमधेच कुणी सांगितलं असतं की भाऊ नववीची पुस्तकं जुनी मिळतात का बघून ठेवा, तर बरं झालं असतं. म्हणून आता मीच सांगते.

पाचवी आणि आठवीला आता नापास पण करतात हे पुष्कळ घरांना अजून माहीत नाही. आपल्याकडे आठवीपर्यंत पास असं डोक्यात पक्कं बसलंय. पण केंद्राने 2019 ला कायदा बदलला आणि महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नाही झाला तर जूनमधे परत परीक्षा घेतात, आणि त्यात पण राहिला तर त्याच वर्गात बसवतात. शाळेतून काढून मात्र कुणी टाकू शकत नाही, आठवी पूर्ण होईपर्यंत ते कायद्यातच आहे. म्हणजे पोराला एखादा विषय जड जात असेल तर मे महिना हाच वेळ आहे आणि हे त्याला धाक दाखवायला नाही सांगायचं, शांतपणे सांगायचं की बाबा परत एक संधी असते, आपण तयारी करू.

झेरॉक्सच्या मशीनवर उभं राहून लोकांचे कागद बघत बघत मला एक गोष्ट पक्की कळलीय, घरातली सगळ्यात मोठी धावपळ एका अक्षरावरून होते. शाळेच्या रजिस्टरला नाव एक, आधारवर दुसरं, बापाचं नाव कुठे पूर्ण कुठे अर्धं, आडनावात पाटील आहे की नाही, जन्मतारखेत महिना मागेपुढे. सहावी-सातवीत हे कुणी बघत नाही. मग दहावीचा फॉर्म भरताना नाहीतर जातीचा दाखला काढताना सगळं अडतं. एक ताई मागच्या जूनमधे पूर्ण आठवडा तालुक्याला चकरा मारत होत्या, मुलीच्या नावात एक वेलांटी चुकलेली, गावातून रोज एसटीने यायच्या, एका हातात कागदांची पिशवी आणि कडेवर लहानगं. मूल शाळेत शिकतंय तोपर्यंत मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन, पुरावा जोडून दुरुस्ती करता येते, एकदा दाखला घेऊन शाळा सोडली की तेच काम फार अवघड होऊन बसतं. म्हणून ह्याच महिन्यात शाळेत जाऊन रजिस्टरला काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आधारचं पण बघा, लहानपणी काढलेल्या आधारला मूल पाच वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि परत पंधरा वर्षांचे झाल्यावर, ते राहून गेलं की शिष्यवृत्तीच्या वेळेस अंगठाच लागत नाही. आणि ज्यांना जातीचा दाखला काढायचाय त्यांनी आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, हे मे महिन्यात शोधायला घ्या, आखाजीला सगळे भाऊबंद गावात येतातच, कुणाच्या पेटीत काय आहे ते तेव्हाच विचारून घेता येतं.

सातवीच्या मार्कांना काय करायचंय असं आमच्या घरात पण एकदा निघालं होतं. तर त्याचं उत्तर असं आहे की आठवीत एनएमएमएस ह्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, त्याला बसायला सातवीत 55 टक्के लागतात, एससी-एसटीच्या मुलांना 50 चालतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12000 रुपये खात्यात येतात. चार वर्षांचे किती झाले बघा. दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शाळेतल्या विषयांचा, प्रत्येकी 90 प्रश्न. आमच्या गिऱ्हाईकांमधे एक शेतमजुराचा मुलगा आहे, त्याला मिळाली, त्याच्या आईला त्या मेसेजची प्रिंट पाहिजे होती, देवघरात ठेवायला. लॅमिनेशन करून दिलं आम्ही. सातवीचा निकाल घडी करून माळ्यावर टाकायचा कागद नाही हे सांगताना मला तीच माऊली आठवते.

खेड्यावरच्या मुलींचं वेगळं आहे. मारवड, पातोंडा, कळमसरे ह्या बाजूने अमळनेरला येणाऱ्या पोरी मी रोज बघते, गावातली शाळा संपली की पुढचं शिकायला तालुक्याला यावं लागतं. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती, आणि मुलांना पण पासात मोठी सवलत असते. आता पास शाळेतच द्यायची सोय केलीय पण शाळेकडून यादी जावी लागते, म्हणून नवीन शाळेत नाव घालतानाच पासाचं बोलून ठेवायचं. शाळा आणि पास ह्यांच्यामधे पंधरा दिवस गेले ना की तेवढ्यात घरात कुणीतरी म्हणतं, रोजचं तिकीट परवडत नाही, राहू दे आता, आठवी झाली तेवढं पुरे. मी हे वाक्य दुकानात उभ्या उभ्या ऐकलेलं आहे, मुलगी तिथेच उभी होती, वहीवर बोट फिरवत. आखाजी हा लग्नाचा मुहूर्त असतो आणि आठवीतली पोरगी तेरा-चौदा वर्षांची असते. 18 च्या आत लग्न हा गुन्हा आहे, 2006 चा कायदा आहे, आणि कुठे असं काही ठरताना दिसलं तर 1098 ला फोन लावायचा, फुकट लागतो. हे लिहिताना माझा हात थांबत नाही कारण आमच्या मुलीच्या वर्गातल्या मुली माझ्या डोळ्यासमोर आहेत, कुणी कबड्डी भारी खेळते, कुणाचं अक्षर छापल्यासारखं आहे.

उसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं पण ह्याच वेळेस गावात परत येतात, काही गुजरातेतून येतात. वर्षाचे मधले चार-पाच महिने त्यांची शाळा बुडालेली असते. जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायचं असतं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं, हे पुढच्या दिवाळीच्या आधी त्यांच्या आईबापाला कुणीतरी सांगायला पाहिजे. शेजारी असतील तर आपणच सांगायचं.

आता घरातलं सांगते. आमच्या सासूबाईंच्या आठवणी वेगळ्याच असतात, त्या अहिराणीत बोलतात आणि त्यांना परीक्षेचं वेळापत्रक माहीत नसतं पण आखाजी किती दिवसांवर आली ते पाठ असतं. "तुनी शाया कवय बंद व्हई रे भाऊ, मामाना गावले जानं शे ना?" असं नातवाला रोज विचारतात. आणि तो दारातून बाहेर पडला की "पानी पी ले, ऊन कितलं शे!" आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीइतकाच सण, सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, गौराईची गाणी होतात, घागर भरतात, पितरांच्या नावाने विस्तवावर घास म्हणजे आगारी टाकतात, पुरणपोळी आणि आमरस असतो, आणि शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवीन साल पण आखाजीपासूनच सुरू होतं. म्हणजे शाळेचं वर्ष संपतं तिथेच घराचं आणि शेताचं वर्ष सुरू होतं. सासूबाई सातवीतल्या नातवाला घागर कशी भरायची ते शेजारी बसवून दाखवतात, तुझे पणजोबा कोण, त्यांचं नाव काय, ते कुठल्या शाळेत गेले, आणि तो ऐकतो. मी दहा वेळा वही ठेव म्हटलं तर ऐकू येत नाही त्याला, पण हे ऐकतो. त्या काम हातात देतात आणि मग बोलतात, मला वाटतं त्यातच सगळं आहे.

आमच्या गावाला हे सांगायला बाहेरच्या कुणाची गरज नाही खरं तर. साने गुरुजी 1924 ते 1930 इथे प्रताप हायस्कूलला शिक्षक होते आणि छात्रालय पण बघायचे, आणि छात्रालयातल्या पोरांना खोली झाडा म्हणून सांगत बसण्यापेक्षा स्वतःच झाडू हातात घ्यायचे, हे इथल्या जुन्या माणसांकडून लहानपणापासून ऐकत आलोय आपण. शंभर वर्षं झाली. पोरं तेव्हाही हीच होती, बारा-तेरा वर्षांची, घरापासून लांब राहणारी.

तर मी ह्या वर्षी काय केलं ते सांगते. परीक्षेच्या आधीच्या रविवारी दोघांची दप्तरं गच्चीवर रिकामी केली. ओरडायला नाही, बघायला. वह्या पहिल्या पानापासून चाळल्या, मुलगा शेजारी बसलेला. वही फार बोलते हो. जूनमधे अक्षर नीट, समास आखलेला, तारीख घातलेली. दिवाळीपर्यंत बरं. नंतर गणिताच्या वहीत पानंच्या पानं अर्धी सोडलेली, फळ्यावरचं पहिलं पाऊल उतरवलेलं आणि पुढे कोरं. सम प्रमाण आणि व्यस्त प्रमाण, तिथून सुटलं होतं. मी विचारलं हे काय रे, तर बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "मम्मी मला अपूर्णांकच नाही येत नीट, पाचवीपासून. वर्गात आता विचारलं तर पोरं हसतील." आता सातवीच्या पुस्तकात सरळव्याज आहे, बैजिक राशी आहेत, ह्या सगळ्याच्या खाली अपूर्णांक आहे. ते येत नसेल तर त्याला पुढचं सगळं अंधारातच वाटणार. आठवीत चक्रवाढ व्याज येतं, आणि नववीत कुणी मागे वळून शिकवत नाही, तेवढा वेळच नसतो शिक्षकांना. आम्ही त्याच्या सरांना भेटलो, सर चांगले आहेत, त्यांनी लगेच सांगितलं की पाचवी-सहावीच्या पुस्तकातले अपूर्णांक, दशांश आणि शतमान हे तीन धडे मे महिन्यात करून घ्या, बाकी काही क्लास-बिस लावू नका. बालभारतीच्या साईटवर जुनी पुस्तकं पीडीएफमधे फुकट आहेत. दुकानावर प्रिंट काढल्या आणि रोज सकाळी ऊन चढायच्या आधी अर्धा तास, बस. भाकरीवर शिकवलं पहिले दोन दिवस, पाव आणि अर्धी आणि पाऊण, आजी भाकरी थापत होती आणि तो तोडत होता.

मुलीचं वेगळं निघालं. तिच्या वह्या पूर्ण होत्या, सगळं छान, मार्क पण येतात. ती बोलली कुरडया घालताना. आमच्याकडे गहू तीन दिवस भिजवून चीक काढतात, पहाटे पहाटे चुलीवर शिजवतात आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर साड्या-धोतरं पसरून कुरडया पाडून घ्यायच्या असतात, मग ज्वारीच्या बिबड्या असतात, पापड असतात. साचा दाबायला दोघी लागतात. समोरासमोर बसलेलो नसतो, हात कामात असतात, नजर खाली असते, म्हणूनच असेल, तिने एकदम सांगितलं की वर्षभर तिची जी मैत्रीण होती ती दोन महिन्यांपासून तिच्याशी बोलत नाही, दुसऱ्या ग्रुपमधे गेलीय, मधल्या सुट्टीत ती एकटीच बसते. मोबाईलवर वर्गाचा एक ग्रुप आहे आणि एक दुसरा ग्रुप आहे ज्यात हिला घेतलेलं नाही. आणि पाळी आल्यापासून तिला पांढऱ्या ड्रेसच्या दिवशी शाळेत जायची भीती वाटते, हे पण. दोन महिने हे सगळं पोटात ठेवून ती रोज टिफिन पूर्ण संपवून आणत होती. मी तिला काहीच उपदेश केला नाही, चीक ढवळत राहिले आणि ऐकत राहिले, आणि मग तिने स्वतःच सांगितलं की नववीला तुकडी बदलणार आहे आणि शेजारच्या गल्लीतली एक मुलगी तिला चांगली वाटते. आखाजीला तिला झोक्यावर बोलवायचं ठरलं. पांढऱ्या ड्रेसचं मी मॅडमना सांगितलं, त्या दिवशी गडद सलवार चालेल असं त्या लगेच म्हणाल्या, आणि बाकीच्या मुलींना पण सांगते म्हणाल्या.

ह्या वयाच्या मुलामुलींना शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, लोहाची, रक्त वाढायला. 10 ते 19 वयासाठी असते ती, जेवण झाल्यावर घ्यायची. सुट्टीत ती बंद पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शाळा सुटायच्या आधी मॅडमना विचारा सुट्टीच्या गोळ्या मिळतील का, नाहीतर गावातल्या आशाताईंना विचारा. मुलींसाठी तर हे फारच गरजेचं आहे.

सुट्टीतल्या दोन आठवणी मात्र मी पोरांना कितीही वेळा सांगते आणि सांगतच राहणार. एक म्हणजे पाणी. विहीर, तापी, गिरणा, शेततळं, कुठेही एकटं नाही जायचं, पोहता येत असलं तरी नाही. शेततळ्याला प्लॅस्टिक असतं, त्यावरून पाय घसरला की वर येता येत नाही, हे पोरांना खरंच माहीत नसतं. दरवर्षी उन्हाळ्यात पेपरला बातम्या येतात आणि त्यात वय लिहिलेलं असतं, बारा, तेरा, चौदा. दुसरं कूलर. आपल्या खान्देशात कूलरशिवाय मे निघत नाही, जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, आणि पत्र्याच्या कूलरमधे पाणी भरायचं काम घरातल्या ह्याच वयाच्या पोरांकडे असतं. पिन काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, ओल्या पायाने तर नाहीच. आमच्याकडे पिन काढून ती पाणी भरणाऱ्याने हातात धरून दाखवायची असा नियम आहे, मगच नळी सुरू करायची.

इथे बोरी नदीच्या पात्रात वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. पोरं वर्षभर वाट बघतात, पाळणे, खेळणी, उसाचा रस. ह्या वर्षी मुलीने सांगितलंय की ती मैत्रिणींसोबत जाणार, आमच्यासोबत नाही. जाऊ देणार आहे. किती वाजता परत येणार आणि हरवलात तर कुठे उभं राहायचं एवढं तिनेच ठरवून मला सांगितलं, मला आठवण करून द्यावी लागली नाही, आणि मला फार बरं वाटलं.

जूनला शाळा 15 तारखेच्या आसपास उघडते. त्याच्या आधी वह्यांना कव्हरं, नववीची पुस्तकं, पासाचे फोटो, हे सगळं मे च्या शेवटच्या आठवड्यात करून टाका, तेव्हा दुकानं रिकामी असतात आणि भाव पण कमी लावतात. सातवी आणि आठवीची पुस्तकं फुकट मिळालेली असतात तरी रद्दीत घालू नका, पान फाटलेलं नसेल तर कुणीतरी सुट्टीत वाचायला घेतंच, आणि नववीची जुनी तर हवीच असतात सगळ्यांना. आमच्या दुकानावर एक खोका ठेवलाय, नववी-दहावीचे जुने सेट त्यात टाका आणि ज्यांना लागतात त्यांनी घेऊन जा, पैसे नाहीत त्याचे. सध्या त्यात नववीचे तीन सेट आहेत, एक सेमीचा आणि दोन मराठी माध्यमाचे, मराठीवाल्या एका सेटमधे भूगोलाचं पुस्तक तेवढं नाहीये, कुणाकडे असेल तर आणून द्या.